बिनडिस्कचं घे म्हणालो

हे मी अजून बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला माझा पगार ठाऊक आहे, माझं घोरणं ठाऊक आहे, मी कुठल्या नातेवाइकाला टाळतो तेही ठाऊक आहे — पण हे नाही. मग तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. तोंडावर काही बोलणार नाही म्हणूनही असेल. मी असाच आहे, हे पुढं कळेलच.

नांदेडला एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मी काउंटरवर असतो. टीव्ही, साउंडबार, आणि काचेच्या कपाटात गेमची मशीनं. गिऱ्हाईक दोन खोकी शेजारी ठेवून बघतं आणि हमखास विचारतं — दिसायला दोन्ही सारखीच, मग किमतीत दहा हजारांचा फरक कसला? मग मी सुरू होतो. एकात डिस्क घालायची फट आहे, दुसऱ्यात नाही. बिनडिस्कचं स्वस्त पडतं, पण मग प्रत्येक गेम नेटवरूनच उतरवायचा, कंपनी सांगेल त्या भावात. मित्राकडून मागून आणता येत नाही, कंटाळा आला की विकता येत नाही. गाव कुठलं तुमचं? घरी वायफाय आहे का? लाइट किती वेळ असते? जुन्या डिस्का आहेत का? आमचे मालक म्हणतात, "माधव, मशीन विकायलास का पोरगी द्यायलास?" सगळे हसतात. मीही हसतो.

हे सगळं मी एकाच माणसाला सांगितलं नाही. ज्याला सांगायला हवं होतं, नेमकं त्यालाच.

मारोती आणि मी विष्णुपुरीला इंजिनिअरिंगला एकाच खोलीत होतो. आम्ही पाच जण. एकाकडं जुनं गेमचं मशीन होतं, पण डिस्क तीन-तीन हजारांची — एकट्याला झेपणार कशी? तोडगा मारोतीनं काढला. तो हदगावकडचा, घरची शेती. म्हणाला, आपण सावड करू. गावाकडं दोन शेजारी एकेक बैल जोडून औत करतात, आज तुझं रान, उद्या माझं — तशी सावड. दिवाळीला प्रत्येकानं एक नवी डिस्क आणायची, खेळायची सगळ्यांनी. ज्याची डिस्क त्याचं नाव स्केचपेननं खोक्यावर. आणि नियम एकच — मालकानं कधीही मागितली तर द्यायची. कॉलेज सुटलं, कोणी पुण्याला गेलं, कोणी हैदराबादला, मारोती शेतीवर परत गेला. मी नांदेडात राहिलो म्हणून डिस्कांचा डबा माझ्याकडं राहिला. चौदा डिस्का. त्यातल्या माझ्या तीन.

मारोतीनं आणलेली पहिली डिस्क होती शेतीच्या खेळाची. ट्रॅक्टर घ्यायचा, नांगरायचं, पेरायचं, कापणी करायची. आम्ही त्याला इतकं छळलं! वावरातून पळून आलास आणि इथंही वावरच का? पण मग त्याचे वडील, आबा, डोळ्याच्या ऑपरेशनला आले आणि आठ दिवस आमच्या खोलीवर राहिले. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यानं टीव्हीकडं बघत बसलेले. पहिल्या दिवशी गप्प होते. दुसऱ्या दिवशी राहवलं नाही. "हे काय नांगराचं तास हाय का? निस्तं वाकडं चाललंय की! अन् बांध न्हाई का ह्येंच्या वावराला?" तिसऱ्या दिवशी खेळाचा रिमोट त्यांच्या हातात होता आणि आम्ही पाच इंजिनिअर त्यांच्याकडून नांगरट शिकत होतो. एवढा खेळकर म्हातारा मी दुसरा पाहिला नाही. मला ते 'हिशोबनीस' म्हणायचे, कारण चहाचे पैसे नेहमी मीच गोळा करायचो. खूप जीव लावला त्यांनी मला.

मी लांबण लावतोय, माझ्या लक्षात येतंय.

दोन वर्षांपूर्वी नवं मशीन माझ्या मनात भरलं. रोज कपाटात बघायचो, रोज पुसायचो. डिस्कवालंच हवं होतं — बिनडिस्कच्यात काय काय मिळत नाही ते माझ्याइतकं कोणाला माहीत? थोडे पैसे कमी पडत होते. लातूरचा एक जण जुन्या डिस्का विकत घेतो. मी डबा उचलला, एसटीत बसलो आणि अख्खा डबा त्याला देऊन आलो. चौदाच्या चौदा. नावं लिहिलेली होती, तीही त्यानं स्पिरिटनं माझ्यासमोरच पुसली. मी मनाशी म्हटलं, सगळे विसरलेत, आता कोण मागतंय? फोन करून विचारता आलं असतं. चार फोन. नाही केले, कारण विचारलं असतं तर कोणीतरी नको म्हणालं असतं.

पण सांगायचं आहे ते हेही नाही. एवढंच असतं तर मी कधीच पचवलं असतं.

गेल्या वर्षी दुपारी दुकानात मारोतीचा फोन आला. आबांना अर्धांगवायूचा झटका आला होता. बोलत होते, पण डावी बाजू गळालेली. डॉक्टर म्हणाले, डाव्या हाताची बोटं हलवत ठेवा. आबा ऐकेनात. रबरी चेंडू दिला तर फेकून द्यायचे. वावरात जाता येत नाही म्हणून दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडायचे. आणि एक दिवस त्यांनी आपणहून विचारलं — त्या ट्रॅक्टरच्या खेळाचं काय झालं रे?

"त्येंनी दोन महिन्यात पैल्यांदा काय तरी मागितलं बघ, माधव," मारोती म्हणाला. "मी नवं मशीन घेऊन राहिलो. माझी डिस्क हाय ना तुझ्याकडं? नव्यात चालंल का ती?"

चालली असती. जुन्या मशीनची डिस्क नव्या डिस्कवाल्या मशीनमध्ये चालते, दिवसातून दोनदा मी हे लोकांना सांगतो. घातली की तासाभरात आबा वावरात असते. मी काय म्हणालो? म्हणालो, जुन्या डिस्का नव्यात नीट चालत नाहीत. म्हणालो, आता डिस्क कोण वापरतं? बिनडिस्कचं घे, दहा हजार वाचतील. त्याच्या मशीनला फटच नसली तर तो डिस्क मागणारच नाही — हे मला किती पटकन सुचलं! विचार करायलासुद्धा थांबलो नाही. तोंड आपोआप बोलत गेलं.

"तू हायस म्हणून बरंय गड्या," तो म्हणाला. "दुसऱ्यानं मला गंडवलं असतं."

दोन दिवसांनी तो स्वतः आला. माझ्यासाठी पिशवीभर तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. मी खोकं बांधून दिलं, स्टँडपर्यंत उचलून नेलं, खिडकीची जागा धरून दिली. काळजी घेण्यात मी कमी पडलो नाही.

तो गेम त्यानं पुन्हा पैसे भरून घेतला, स्वतःचीच वस्तू दुसऱ्यांदा. चाळीस जीबी. गावात वायफाय नाही. मोबाइलचं नेट, रोजचे दोन जीबी, तेही रेंज असली तर आणि लाइट असली तर. टीव्हीवर टक्के दिसायचे. आबा सकाळी उठले की पहिलं विचारायचे, किती आलं? मारोती सांगायचा, आज चार टक्के वाढलं. आबांनी भिंतीकडं तोंड करणं सोडलं होतं. खाट टीव्हीसमोर घ्यायला लावली. रिमोट हातात घेऊन आधीच बोटं बसवून बघायचे, डावा अंगठा उजव्या हातानं उचलून बटणावर ठेवायचे. सवय पाहिजे म्हणायचे, पेरणीच्या वक्ताला घाई नको. हे सगळं मारोती मला फोनवर सांगायचा. खुशीत सांगायचा.

आठव्या-नवव्या दिवशी त्यानं विचारलं — मशीन घेऊन तुझ्याकडं येऊ का? तुझं वायफाय हाय, एका दुपारचं काम.

खरंच एका दुपारचं काम होतं. पण तो घरी आला असता. समोरच्या खोलीत माझं डिस्कवालं मशीन दिसलं असतं. डबा कुठं आहे, म्हणाला असता. मी सांगितलं, घरी रंगकाम काढलंय, सगळा पसारा आहे. बरं, घर नाही तर दुकान होतंच, तिथंही वायफाय आहे. सुचलं नाही असं म्हणणार नाही. सुचलं होतं. पण तो तीन तास माझ्यासमोर स्टुलावर बसला असता आणि सावडीच्या गोष्टी काढल्या असत्या. ते तीन तास मला नको होते.

"असू दे," मारोती म्हणाला, "धा-बारा दिसाचा तर सवाल हाय. तू कामून मनाला लावून घेतू?"

मी मनाला लावून घेतो आहे, असं त्याला वाटलं.

एक्काहत्तर टक्क्यांवर आबा गेले. दुसरा झटका, पहाटे मारोतीनं धरून अंगणात नेलं तेव्हा. मारोतीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी गिऱ्हाइकाला रिमोट दाखवत होतो. मी रडलो. खरंच रडलो, मालकांनी पाणी दिलं. पण त्या रडण्यात एक सुटकाही होती — आता डिस्क कोणी मागणार नाही. हे लिहिताना माझीच मला किळस येते, तरी ती होती.

तेरवीला हदगावला गेलो. मारोती दारातच गळ्यात पडला. म्हणाला, परवा शंभर झालं, उघडलं न्हाई मी. मग म्हणाला, त्या डिस्का राहू दे तुझ्याकडंच, मला आता काय करायच्या. मी मान हलवली. बोलायची वेळ होती तर तीच होती. आजूबाजूला कोणी नव्हतं, तो माझ्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. मी मान हलवली.

मग त्यानं मला हाताला धरून पहिल्या पंगतीत बसवलं आणि सोयऱ्यांना सांगितलं, "आबासाठी ह्यानं लई धडपड केली बरं का." त्याच्या म्हाताऱ्या आत्यानं माझ्या पाठीवरून हात फिरवला. बुंदी वाढायला आले. मी खाल्ली. पुन्हा आले, पुन्हा घेतली. हात धुतले आणि चारच्या गाडीनं नांदेडला परत आलो.