दादाचं ‘आता नको’

माझं डोकं गरम आहे, ते आधीच सांगून ठेवते. अंधेरीच्या मार्केटात पंचवीस वर्षं म्हावरं विकतेय. पाटीतल्या बोंबलाला कोणी नाक मुरडलं तरी मी चार शब्द सुनावते. पण हे माझ्याबद्दल नाही, माझ्या दादाबद्दल आहे.

चंदर त्याचं नाव. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. वेसावे कोळीवाड्यात आम्ही दोघं आणि आई राहतो. नऊ वर्षांचा असताना दादाला गोवर आला आणि दोन्ही डोळे गेले. बापूस बोटीवर जायचा, त्याला वाटलं होतं पोरगा आपल्यामागून दर्यावर येईल. तो आला नाही, अंधशाळेत गेला. तिथे ब्रेल शिकला, मग मराठी टायपिंग शिकला. मिनिटाला चाळीस शब्द. सर्टिफिकेट अजून भिंतीवर आहे, त्याला दिसत नाही पण अधूनमधून हात लावून बघतो.

शाळेतून बाहेर पडल्यावर त्याला नाक्यावर टेलिफोनचा बूथ मिळाला. तेव्हा अपंगांना द्यायचे ना पिवळ्या पाटीचे बूथ, तसा. बारा वर्षं चालवला. मग सगळ्यांच्या हातात मोबाईल आले आणि बूथ बसला. दादा घरी बसला. आई जाळी विणायची, तो तिला सुतळी सोडवून द्यायचा. चांगला शिकलेला माणूस सुतळी सोडवतोय, हे बघून माझा जीव तुटायचा.

नंतर आमच्या शेजारच्या कृणालने जुना लॅपटॉप आणून दिला आणि त्यात बोलणारं सॉफ्टवेअर टाकलं. स्क्रीनवर जे असेल ते तो लॅपटॉप वाचून दाखवतो. दादाने त्याचा वेग इतका वाढवला की आपल्याला नुसतं किरकिर ऐकू येतं, त्याला मात्र शब्दन्‌शब्द कळतो. सहा महिन्यांत अख्ख्या कोळीवाड्याचे अर्ज दादाकडे यायला लागले. बोटीचं लायसन, डिझेलचा फॉर्म, रेशनकार्डात नाव घालायचं, सगळं दादा टाईप करणार. डोळस माणसं रांगेत आणि आंधळा माणूस वाचून दाखवतोय, असं आमच्या ओट्यावर रोज चालायचं.

आता त्या लॅपटॉपचं सांगते. मशीन वाईट नव्हतं, त्याच्या आतली ती सिस्टीम वाईट. मधेच अडकायची. एकदा खंडूकाकांचा तीन पानी फॉर्म होत आला आणि मेलं सगळं गोठलं. बंद करून चालू केलं तर तीन पानांतलं एक अक्षर उरलं नव्हतं. काका परत पहिल्यापासून सांगत बसले आणि दादा परत टाईप करत बसला. आणि रोज, अगदी रोज, कामाच्या मध्ये ती पाटी यायची, नवीन अपडेट आलाय, आता टाकू की नंतर? दादा कानाने ऐकत ऐकत ‘नंतर’वर जायचा आणि बटण दाबायचा. तोंडाने पण म्हणायचा, “आता नको, बाबा.” भिकाऱ्याला म्हणतात ना, पुढे जा, तसं.

मी एकदा त्याला म्हटलं, “दादा, एकदाच ‘कधीच नको’ सांगून टाक ना.”

तो हसला. “तसं बटणच नाही गं, हेमे. आता हो, नाहीतर नंतर हो. एवढंच आहे.”

तेव्हाच माझ्या डोक्यात तिडीक गेली होती. लॅपटॉप आपला, घर आपलं, लाईटबिल आपलं आणि ‘नाही’ म्हणायची सोय नाही. उद्या कोणी माझ्या पाटीतली सुरमई परस्पर उचलून तिथे दुसरंच काही ठेवलं आणि म्हणालं, मावशी, हे नवीन आहे, छान आहे, तर मी कोयता दाखवीन.

तर यंदा एका सरकारी ऑफिसात टंकलेखकाची जागा निघाली. अंधांसाठी एक जागा, वयाची अट पंचेचाळीस. दादाला पुढच्या महिन्यात पंचेचाळीस पूर्ण होणार. म्हणजे हीच एक संधी, पुढे कायमचं दार बंद. लेखी परीक्षा तो पास झाला. राहिली होती फक्त टायपिंगची चाचणी, घाटकोपरच्या एका सेंटरवर, सकाळी अकराला. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये मराठी बोलणारं सॉफ्टवेअर नव्हतं, म्हणून पत्रात लिहिलं होतं, उमेदवाराने आपलं साधन आणावं, उतारा पेनड्राईव्हवर मिळेल. दहा मिनिटांत तीनशे शब्द. दादाला ते झोपेत जमलं असतं.

आदल्या संध्याकाळी त्याने लॅपटॉप बंद केला, पिशवीत घातला आणि जेवून झोपला. आता जे केलं ते मी केलं. मोसमाची पहिली बोट निघायची त्याच्या आदल्या संध्याकाळी आमचा बापूस इंजिन चालू करून ठेवायचा. थंड इंजिन भर दर्यात दगा देतं, म्हणायचा. बाकीचे हसायचे, डिझेल फुकट जाळतो म्हणून. पण बापसाची बोट कधी अडकली नाही. माझ्या डोक्यात तेच. सकाळी हा डबा अडकला तर? म्हणून मी तो पिशवीतून काढला, चार्जरला लावला, चालू करून ठेवला आणि त्याच्यापुढे नारळ पण ठेवला. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

सकाळी बघते तर निळी स्क्रीन, त्यावर गोल गोल फिरणारे ठिपके आणि आकडा, चौतीस टक्के. खाली इंग्रजीत काहीतरी. मी आईला हाक मारणार तेवढ्यात दादा उठून आला. “काय झालं?”

“अपडेट होतोय,” म्हटलं. “आपोआप चालू झाला असेल.”

दादाने चार्जरच्या वायरीवरून बोट फिरवलं. मी खोटं बोलले आणि तो आंघोळीला गेला.

मी कृणालला फोन लावला. तो म्हणाला, “ताई, मधेच बंद करू नका, नाहीतर पूर्णच मरेल. तसाच घेऊन जा.” मग विचारलं, “पण रात्री चालू ठेवला कोणी? माझ्या वायफायवर होता ना तो. हा साला अपडेट माणूस झोपला की कामाला लागतो. बंद असता तर काहीच झालं नसतं.”

मी फोन ठेवला. दादाला हे सांगितलं नाही. तोंड उघडलंच नाही माझं, आणि माझं तोंड म्हणजे मार्केटात गाजलेलं.

निघालो. उघडा लॅपटॉप देवाच्या ताटासारखा दोन्ही हातांवर. मेट्रोच्या गेटवर शिपाई म्हणाला, बंद करून मशीनमधून सोडा. मी म्हटलं, बंद होणार नाही. तो म्हणाला, नियम आहे. मी म्हटलं, नियम त्या कंपनीला शिकव, जी न विचारता लोकांच्या घरात घुसते. मागे रांग लागली. शेवटी दादानेच शांतपणे समजावलं आणि शिपायाने तो उघडाच ट्रेमधून सोडला.

डब्यात बसलो. मी आकडे वाचत होते. आझादनगरला एकसष्ट, चकाल्याला ऐंशी. बॅटरीचा भरवसा नाही, जुनी आहे. साकीनाक्याला शंभर झाले आणि स्क्रीन काळी पडली. मी तो घट्ट धरून बसले. असल्फा गेलं, जागृतीनगर गेलं, आणि घाटकोपरला उतरता उतरता चित्र आलं, नवं कोरं, रंगीत. मी दादाचा हात दाबला. “आलं रे, आलं.”

सेंटरवर पोचलो तेव्हा अकराला वीस मिनिटं होती. दादाची सोबत म्हणून मलाही आत सोडलं. दादाने चार्जर लावून घेतला, कळांवर बोटं ठेवली, एक कळ दाबली. मग दुसरी. मग कानात इयरफोन घालून बघितला. मग हळूच म्हणाला, “हेमे, हा बोलत नाहीये.”

सगळं होतं. चित्रं होती, अक्षरं होती, दादाचे फोल्डर होते. आवाज तेवढा नव्हता. कृणालला परत फोन लावला. तो म्हणाला, आवाजाची आतली फाईल अपडेटने उडवली, नेट लावून परत टाकायला लागेल, तासभर तरी. सेंटरमध्ये नेट लावायची परवानगी नव्हती.

तिथे रश्मी मॅडम म्हणून देखरेखीला होत्या. मी त्यांना म्हटलं, “मी उतारा वाचते, तो टाईप करेल. नाहीतर तुम्ही वाचा. तुमच्यावर तर विश्वास आहे ना?”

“तसं नियमात बसत नाही,” त्या म्हणाल्या. “उमेदवाराने स्वतः वाचून टाईप करायचंय. पंधरा मिनिटं जास्त देते, तेवढंच माझ्या हातात आहे.”

पंधरा मिनिटं गेली. बाकीची पोरं टकटक टाईप करत होती आणि माझा दादा मुक्या डब्यापुढे मांडीवर हात ठेवून बसला होता. मला रडू येत होतं आणि त्याहून जास्त राग येत होता, आणि त्यातला अर्धा माझ्यावरच होता.

तेवढ्यात स्क्रीनवर एक चौकोन आला. मी म्हटलं, “मॅडम, हे काय आलं बघा.” त्यांनी वाकून वाचलं आणि जरा अडखळल्या. “विचारतायत की नवीन अपडेटचा अनुभव कसा वाटला. इथे लिहा म्हणतायत.”

“त्या चौकोनात कर्सर ठेवता का, मॅडम?” दादा म्हणाला. “आणि कीबोर्ड मराठी आहे का बघा.”

त्यांनी ठेवला. दादा सरसावून बसला आणि सुरू झाला. एक अक्षर त्याला ऐकू येत नव्हतं, दिसायचा तर प्रश्नच नाही. नुसती बोटं चालत होती. मी मागे उभी राहून वाचत होते, माझं वाचन सावकाश, तो माझ्या पुढे पळत होता.

“माझं नाव चंदर, राहणार वेसावे. मला दिसत नाही. तुमचं मशीन मला वाचून दाखवायचं म्हणून मी लोकांचे अर्ज लिहीत होतो. तुम्ही रोज विचारलंत, अपडेट टाकू का? मी रोज सांगितलं, आता नको. ज्याचं नको ऐकायचंच नाही त्याला विचारता कशाला? काल मी झोपलो तेव्हा तुम्ही हात साफ केलात...”

खाली बरंच होतं. बूथचं होतं, खंडूकाकांच्या फॉर्मचं होतं. आणि मग हे आलं.

“रात्री माझ्या बहिणीने मशीन चालू करून ठेवलं. मी त्याच्या आतल्या पंख्याची घरघर ऐकली होती. मी उठलो नाही, कारण आमचा बापूस इंजिन असंच तापवून ठेवायचा. तिची काही चूक नाही. दगा तुम्ही दिलात.”

मी पदर तोंडात धरला.

दादा थांबला. “पाठवा, मॅडम,” म्हणाला. त्यांनी पाठवायच्या आधी सगळं वरपासून खालपर्यंत वाचलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मी पण बघत होते. दहा मिनिटं झाली होती.

“तीनशेच्या वर आहेत,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “चूक एकही नाही.” मग बटण दाबलं. स्क्रीनवर आभार मानल्याचं आलं, नेट लागलं की पोचेल म्हणून, आणि चौकोन निघून गेला.

त्यांनी रजिस्टर ओढलं आणि शाईचं पॅड पुढे सरकवलं. दादा म्हणाला, “अंगठा नको, सही करतो.” मी त्याचं बोट रकान्यावर ठेवलं आणि त्याने सही केली. सहीच्या शेजारी मॅडमनी लिहिलं होतं, साधन नादुरुस्त, उमेदवाराने चाचणी दिली नाही.

दिली त्याने. मी बघितली. मॅडमनी पण बघितली.