जिभेवरची रेती

पहाटे चारला चिंतू गवंड्याचा दिवस सुरू होई. त्याची बायको बुधी भाकरी बांधून देई आणि तो सरावलीहून सायकलवर निघे. कामावर पोहोचला की आधी रेती. चिमूटभर जिभेवर ठेवायची, थुंकायची. खारट लागली तर गाडी परत. मी त्याच्या हाताखाली बिगारी होतो. माल पातळ झाला तर तो पाटी उलटी करायला लावी. इतकं चोख काम मी दुसऱ्याचं पाहिलं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर तो अंथरुणाला खिळला. छाती सिमेंटने भरली होती. चिंतू जातीने वारली आदिवासी, पण बापाच्या वेळेपासून घरात क्रूस. फादर शेवटच्या आजारात लावायचं पवित्र तेल घेऊन आले, तर त्याने तोंड फिरवलं.

"आधी दांडीच्या वत्सलाला आणा."

मी रिक्षाने दांडी गावाला जाऊन तिला आणली. वत्सला मासे खारवून विकायची, आता म्हातारी झाली आहे. तिचं स्वयंपाकघर चिंतूनेच बांधलेलं. गिलाव्याच्या दिवशी मी तापाने घरी होतो. पहिल्याच वर्षी भिंतीला लोणा लागला, मीठ फुटून पोपडे गळू लागले. तिने विचारलं तेव्हा चिंतू म्हणाला होता, भिंतीला मिठाची पिंपं टेकवतेस, मग काय होणार. तिच्या सासूने ते धरून ठेवलं. मरेपर्यंत सुनेला 'घर खाणारी' म्हणत राहिली.

फादर म्हणाले, कबुली माझ्या एकट्यापाशीही देता येते. आम्ही उठू लागलो. चिंतूने हाताच्या खुणेने बसवलं.

"वत्सला, तुज्या पिंपांनी काय नाय केला. नदीची रेती संपली होती. किनाऱ्याची घातली मी. जिभेवर ठेवली होती. खारट होती. तरी घातली."

वत्सला कितीतरी वेळ पदराला हात पुसत राहिली.

"सासू मेल्यावर तोंड उघडलास होय रे," ती म्हणाली. "आता वर जाशील तर आधी तिलाच सांग. माजं ती ऐकायची नाय." मग हळू आवाजात, "माज्याकडून सोडला. तू नीज."

चिंतूला हसू आलं, हसण्यातून खोकला. दम लागला तरी तो फादरकडे वळला.

"दिवस मावळताना कामावर आला त्याची हजेरी कोण लावतो का, फादर? अर्धी पण नाय लावत."

फादरनी तेलाचं बोट त्याच्या कपाळाला लावलं. "येशूच्या शेजारी क्रूसावर एक चोर होता. मरता मरता त्याने मागितलं. त्याची पुरी लागली."

"पुरी?"

"पुरी."

मी त्यांच्या धर्माचा नाही. उशिरा आलेल्याला पुरी हजेरी, हे मला आजही पटत नाही. पण मी त्याचे हात पाहिले. झोपेतही ती बोटं थापी धरल्यासारखी वळलेली असत. फादर प्रार्थना म्हणत होते आणि ती एकेक करून उघडली. तळवे वर झाले. एवढं मोठं काही इतक्या कमी आवाजात होताना मी कधी पाहिलं नव्हतं. जागचं हलायलाही भीती वाटली.

त्याच आठवड्यात तो गेला.

पक्क्या कबरीसाठी त्याने मजुरीतून पैसे बाजूला ठेवले होते. ते कुठे लावायचे, हे जाण्याआधी बुधीला सांगून गेला. त्याच्या मातीवर नुसता लाकडी क्रूस आहे. वत्सलाची दांडीची भिंत आम्ही विटेपर्यंत खरवडली, गोड्या पाण्याने धुतली, सुकू दिली. नदीची रेती आली तेव्हा वत्सलाने थांबवलं. चिमूटभर जिभेवर ठेवली.

"अळणी हाय," ती म्हणाली. "लावा."