गाडीवरच्या नावाचा चहा

जाहिरातीला आमच्या मामेसासऱ्यांइतक्या शिव्या घालणारा माणूस सावित्री नदीच्या दोन्ही काठांवर सापडायचा नाही, आणि जाहिरातीपायी त्यांच्याइतकी खरेदी करणाराही सापडायचा नाही. टीव्हीवर कुणी हिरो दात दाखवत टूथपेस्ट विकायला आला की मामा त्याला तोंडावर सुनावतात, "तुला रे काय कळतं? तू घासतोस का ती?" आणि आवाज बंद करतात. पण तेच नाव शर्यतीच्या गाडीवर दिसलं, आणि ती गाडी दासगावच्या रेहानाची असली, की मामा पायांत चपला सरकवून दुकानाकडे निघालेच म्हणून समजा.

रेहाना ही दासगावच्या गॅरेजवाल्याची मुलगी. मामांनी उभी हयात पोलादपूरच्या घाटात ट्रक चालवला आणि तो ट्रक दुरुस्त केला रेहानाच्या वडिलांनी. बोनेटमध्ये डोकं घालून बसणाऱ्या बापाला पाने-पकडी पुरवता पुरवता ही पोर मोठी झाली. घाट कसा चढायचा हे मात्र तिला मामांनी शिकवलं. "घाटाला घाई दाखवायची नाय गो, तो वळखतो," हा त्यांचा पहिला धडा. पुढे ती मोटारींच्या शर्यतीत उतरली, घाई दाखवण्याचंच तिला बक्षीस मिळू लागलं, आणि तरीही त्याचं श्रेय मामा त्याच धड्याला देतात.

शर्यत म्हणजे खर्चाचं काम. कंपन्या मदत करतात आणि गाडीवर आपलं नाव चिकटवतात. मामांना यात नवीन काहीच वाटलं नाही. आमच्याकडे देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर 'सप्रेम भेट' आणि देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं. पंखा फिरताना ते वाचता येत नाही, म्हणून मामा देवळात गेले की आधी पंखा बंद करतात, तिन्ही पाती वाचतात, मग चालू करून वारा घेतात. किराणाही ते पंखा देणाऱ्या दुकानदाराकडूनच भरतात. "वारा खायचा आनि नाव इसरायचं? मानूस हाय का कोन?" हा त्यांचा बिनतोड सवाल.

मग रेहानाच्या गाडीवर बॅटरीवाल्यांचं नाव आलं तेव्हा मामांनी बॅटरी आणली. ट्रक विकून तेव्हा दोन वर्षं झाली होती. ती बॅटरी पडवीत आहे आणि मामी तिच्यावर पाण्याची कळशी ठेवतात. नंतर मलमवाले आले. मामांचा एकही सांधा दुखत नव्हता, तरी ते रोज सकाळी गुडघ्यांना मलम चोळून बसत. मी हसलो तर म्हणाले, "दुखत नाय ना? बघा, हा गुन!" मी महाडला शाळेत गणित शिकवतो. दोन-तीनदा मी त्यांना समजावलं, की मामा, गाडी चांगली पळाली म्हणून मलम चांगलं होत नाही, शहाणा माणूस स्टिकर बघून माल घेत नाही. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि जाताना माझ्या पिशवीत मलमाची एक डबी टाकली.

मलमानंतर चहा आला. त्या चहाचं नाव मी सांगणार नाही, फुकट जाहिरात व्हायची. रंग गडद, बाकी आनंद. मामींनी पहिल्या दिवशी एक घोट घेतला आणि कप थेट तुळशीत ओतला. "आता तुळस मेली तर तुमच्या नावानं," असं बजावलंही. पण मामा दिवसातून चार वेळा तो चहा डोळे मिटून पीत राहिले.

शर्यतींचा मोसम संपत आला तेव्हा रेहाना एकदा पडेल चेहऱ्याने आली. चहावाल्यांचा साहेब महाड, पोलादपूर, पाचाड असा दुकानं बघत फिरणार होता. गाडीवरच्या नावामुळे इकडे चहा खपतो असं दिसलं तर पुढच्या वर्षी मदत, नाहीतर नाही. आणि मदत नाही म्हणजे गाडी गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली. "जाऊ द्या मामा, अब्बांना हातभार लावीन," ती म्हणाली. ते हसत म्हणाली, पण मामांना त्या रात्री जेवण गेलं नाही असं मामी सांगतात.

दुसऱ्या दिवसापासून मामांनी जुनी स्कूटर काढली. पोलादपूरपासून पाचाडपर्यंत ज्या ज्या दुकानात तो चहा होता, तिथला शेवटचा पुडा त्यांनी उचलला. विचार सरळ होता. मामी आठवडी बाजाराला वालाच्या शेंगा घेऊन बसतात. संध्याकाळी जिची पाटी रिकामी, तिचा माल खपला. फळीवर पुडा दिसला नाही की साहेब काय ते समजेल.

साहेब समजला, पण उलटं. त्याने दुकानोदुकानी विचारलं, दुकानदार "नाय हाय" एवढंच म्हणून पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले, आणि साहेबाने लिहून घेतलं, या भागात आपला चहा कुणी ठेवतच नाही. तसं तो गॅरेजमध्ये येऊन रेहानाला हळहळत सांगत होता तेव्हा नेमके मामा तिथे टायरवर बसलेले. त्यांनी साहेबाचा दंड धरला, स्कूटरवर मागे बसवला आणि तडक पोलादपूरला घरी आणला. रेहाना मागोमाग आली. रविवार होता, मी जेवायला तिथेच होतो.

मामांनी भाताच्या कणगीचं झाकण काढलं. आत गळ्यापर्यंत चहाचे पुडे.

"हे सगळं... तुम्ही एकट्याने घेतलंत?" साहेब म्हणाला.

"तर! दुसरं कोन येडं हाय?" मामी आतून म्हणाल्या.

झालं. एका गिऱ्हाइकावर कुठली कंपनी गाडी पळवते? गणित माझं होतं आणि उत्तर मला दिसत होतं. रेहानाने मान खाली घातली.

"काका, इतका आवडतो तुम्हाला आमचा चहा?" साहेबाने विचारलं.

आता मामांनी एकदाच खोटं बोलावं अशी मी देवाला विनवणी केली. मामा म्हणाले, "चहा? चहा बेकार हाय."

"मग घेता कशाला?"

"तुमी आमच्या पोरीच्या पाठीशी उभं ऱ्हायलात. मग तुमच्या पाठीशी कोन ऱ्हानार?"

साहेब कणगीकडे बघत राहिला. तेवढ्यात मामींनी आलं, गवती चहा आणि वेलची घालून खळखळून उकळलेला चहा पुढे केला. साहेबाने दोन कप घेतले आणि विचारलं, हा कुठला? "तुमचाच हाय," मामी म्हणाल्या, "त्याचा चहा करायला लागतो येवढंच." साहेब एवढ्या मोठ्याने हसला की परड्यातल्या कोंबड्या पळाल्या. निघताना मला हळूच म्हणाला, "सर, हे आता कुठल्या रकान्यात लिहू?" कुठल्या लिहिलं कोण जाणे, पण पुढच्या वर्षी नाव गाडीवर राहिलं. त्या वर्षी रेहाना जिंकली आणि मामांनी घाटातल्या प्रत्येक टपरीवर तो चहा वाटला. लोकांनी तोही आनंदाने प्यायला, यावरून आनंद किती मोठा होता हे कळावं.

त्या जिंकण्यामुळे दक्षिणेतल्या एका मोठ्या संघाने रेहानाला बोलावून घेतलं. परवा मी पोलादपूरला गेलो तेव्हा मामा मोबाइलवर तिची शर्यत बघत होते. देवळातल्या पंख्यासारखीच त्यांनी गाडी मध्येच थांबवली आणि नावावर बोट ठेवलं. "हे काय इकतात?"

"संगणकाची कामं करतात. मोठ्या बँकांसाठी."

"आनि हे?"

"विमानाचे सुटे भाग."

"आपल्याला घेन्यासारकं काय नाय?"

मी नाही म्हटलं. मामा आधी हसले, मग नावावरचं बोट त्यांनी काढून घेतलं. "बरं झालं," म्हणाले. "पोरगी लांब गेली म्हंजी." मला फार वाईट वाटलं. एखादं स्टिकर साबणाचं असतं तर काय बिघडलं असतं?

मामींनी चहा आणला. पहिल्या घोटालाच मी ओळखला. "मामा, या चहावाल्यांचं नाव आता गाडीवर नाही."

"नाय ना," मामा म्हणाले. "पन तवा होतं."

त्यांनी बोट लावलं. थांबलेली गाडी सुटली, नावं एकमेकांत मिसळून दिसेनाशी झाली. "आता आपन नुसतं बघायचं," मामा म्हणाले आणि मला नीट दिसावं म्हणून मोबाइल माझ्याकडे कलता केला.