पंप बंद होता

‘खिसे रिकामे करा. चाव्या, नाणी, पट्टा, करदोडा... काही म्हणता काही ठेवू नका.’ एमआरआयच्या दाराशी उभा राहून मी दिवसभर हेच बडबडतो. पगारच त्याचा मिळतो म्हणा ना. आणि त्या दिवशी सासूबाईंच्या गळ्यातलं इष्टलिंग, चांदीच्या डबीसकट, शर्टाच्या खिशात घेऊन मीच त्या खोलीत शिरलो. वर विसरलोसुद्धा.

आधीच सांगून टाकतो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही. कंधारच्या किल्ल्यात जायला बाकीची पोरं घाबरायची तेव्हा मी एकटा जायचो. अर्ध्यातून पळत यायचो ते सापांमुळे, भुतांमुळे नाही. आम्हा लिंगायतांत लहानपणीच गळ्यात इष्टलिंग बांधतात. माझं नोकरी लागल्यावर देवघरात गेलं, ते तिथेच आहे. म्हणजे बघा, मी कसला भाविक!

लातूरला एका खासगी स्कॅन सेंटरमध्ये मी टेक्निशियन आहे. दुष्काळात रेल्वेनं पाणी आलं, तो उन्हाळा. सासूबाई — आम्ही मामी म्हणतो — उदगीरच्या. दोन पायऱ्या चढल्या की धाप. डॉक्टर म्हणाले, हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, रक्त मागे गळतंय. किती गळतंय ते एमआरआयवर मोजायचं. जास्त निघालं तर हैदराबादला छाती उघडून ऑपरेशन, कमी असलं तर गोळ्या. पण त्या वयात, साखर एवढी असताना, ऑपरेशनमधून मामी उठतील याची खात्री कुणी देईना.

“मामी, गळ्यातलं काढावं लागतं.”

“चार बाळंतपणं झाली, काढलं न्हाई. आता तुमच्या मशीनसाठी काढू?”

“चांदीची डबी आहे. नियम आहे.”

“उदगीर जिल्हा होऊ द्या एकदा. आमच्याकडंबी मशीन येतंय. तिथं असले नखरे चालायचे न्हाईत.”

शेवटी सुनंदानं, म्हणजे आमच्या हिनं, आईला समजावलं. मामींनी ते काढलं, डोळ्यांना लावलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. डबी अंगाच्या उबेनं कोमट होती.

“खाली ठेवू नका, जावाईबापू. जीव हाय माझा. अंगावर ठेवा.”

ठेवलं. खिशात.

स्कॅन झालं. गळतीचा आकडा ऑपरेशनच्या हद्दीच्या जरासा पलीकडे. डॉक्टरांनी तो दोनदा बघितला. मग म्हणाले, “मशीन बरोबर मोजतंय ना, ते आत्ताच तपासा. मगच हैदराबादला फोन करतो.”

तपासायला आमच्याकडे एक मॉडेल आहे. जाड प्लास्टिकची पेटी, तिच्यातून रक्तवाहिनीसारखी नळी, बाहेरच्या खोलीत पंप. इंग्रजीत त्याला फँटम, म्हणजे भूतच, म्हणतात. हसू नका, नाव मी ठेवलेलं नाही. पंपानं पाणी ढकलायचं, मशीननं ते मोजायचं, आणि पलीकडून पडणारं पाणी मापाच्या भांड्यात धरून घड्याळ लावायचं. दोन्ही जुळलं की मशीन खरं. त्या उन्हाळ्यात पाणी तेच ते गाळून वापरायचो. सुनंदाचा टोमणा ठरलेला : “माणसाला प्यायला न्हाई अन् तुम्ही मशीनला पाजायलात.”

घाईघाईत पेटी आत नेऊन ठेवली. बाहेर आलो. पंप चालू केला, मोजलं. भांडं आणि मशीन... तंतोतंत जुळलं. एरवी मी खूश झालो असतो. त्या दिवशी नाही. मशीन खरं, म्हणजे आकडा खरा, म्हणजे हैदराबाद.

एक काम उरलं होतं. थांबलेलं पाणीही मशीनला कधी कधी किंचित सरकताना दिसतं. ही त्याची खोड. म्हणून पंप बंद करून, नळीला दोन्हीकडून चिमटे लावून पुन्हा मोजायचं आणि तेवढी चूक वजा करायची. तिथे स्क्रीनवरची रेघ जराशी वर येते, जराशी खाली, पण येते सरळ.

त्या दिवशी सरळ आली नाही. रेघ उचलली गेली, उतरली, आणि खाली बुडून परत वर आली. जणू पुढे ढकललेलं रक्त, मग मागे गळालेलं. मामींचा आलेख बाजूच्या स्क्रीनवर अजून उघडा होता. एकावर एक ठेवावेत इतके सारखे.

“सर, पंप चालू राहिला का?” माझी ज्युनिअर शबाना म्हणाली.

पंपाचा प्लग माझ्या हातात होता. पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. शबाना खुर्ची मागे सरकवून उभी राहिली. मला बसवेना, उभं राहवेना. आत जाऊन चिमटे बघितले, घट्ट. भांड्यात थेंब नाही.

तेवढ्यात दार वाजलं. सुनंदा. “अहो, आईचं द्या की! कवाची बसली हाय, घोटभर पाणीबी घेईना. ते गळ्यात न्हाई तर पाणी कसं घेईल?”

हात आपोआप खिशावर गेला. डबी होती. आणि... कोमट होती. एसीच्या खोलीत आम्ही स्वेटर घालून बसतो हो!

पळत जाऊन दिली. मामींचे ओठ पांढरे पडले होते. त्यांनी गळ्यात घातलं, डोळे मिटले, मग पाणी मागितलं. मी परत येऊन थांबलेलं पाणी मोजलं. रेघ सरळ. शाळेच्या पट्टीसारखी.

डॉक्टरांनी मामींचं स्कॅन पुन्हा करायला सांगितलं. या वेळी चांदीची डबी बाहेर, पण आतलं इष्टलिंग पांढऱ्या कापडात गुंडाळून त्यांच्या गळ्यात. दगड तो, धातू नाही. मी लोहचुंबक लावून खात्री केली. आकडा हद्दीच्या बराच अलीकडे आला. गोळ्यांवर भागलं. हैदराबादचा फोन झालाच नाही.

डॉक्टर म्हणाले, पहिल्या वेळी घाबरल्या होत्या, बीपी चढलं होतं, अशा वेळी गळती जास्त दिसते. पटतं. पण नळीला कशाची भीती होती? कंपनीचा इंजिनिअर येऊन सगळं उघडून बघून गेला. दोष सापडला नाही. डबी खिशात होती म्हणाल, तर मोजताना मी काचेच्या बाहेर होतो.

मामी आज ठणठणीत आहेत. तरी जिन्यात जरा थांबल्या की माझा जीव खालीवर होतो. मशीन तर दोन्ही वेळा खरं होतं... मग मामींचा खरा आकडा कोणता? आणि त्या पाण्यात काय वाहत होतं?

एकदा जेवताना सुनंदाला हे सगळं समजावून सांगितलं, आलेख कागदावर काढून. तिनं ऐकून घेतलं, ताटात भाकरी वाढली आणि म्हणाली, “आईनं जीव काढून तुमच्या हाती दिला, अन् तुम्ही खिशात टाकून इसरलात. तुमच्या मशीनला तरी ध्यान होतं. खा आता.”