सुतकाचं पाणी

मी चौथी शिकलो. तरी लिहून राह्यलो, कारण हे तोंडानं सांगितलं की लोक हसतात. मासे मेले म्हणून म्हातारा रडतो म्हणतात. रडलो, न्हाई कशाला म्हणू.

मासे माझ्या बायकोचे. तिचं बीपी दाखवायला डॉक्टरकडं जायचो, तिथं काचेच्या पेटीत तिनं ते पाहिले. अर्ध्या बोटाएवढे, अंगावर निळी रेघ, शेपटीकडं लाल. सगळे मिळून इकडं वळायचे, सगळे मिळून तिकडं. तिचा नंबर पुकारला तरी ती उठेना. घरी येऊन हट्ट धरला, आपल्याला पण पाहिजेत.

मी म्हणलं, "मासे आणायचे तर तळायला आणावं माणसानं."

"तुमच्यापेक्षा बरे," ती म्हणली. "कोणावर खेकसत न्हाईत."

मंग जुन्या जालन्यातल्या दुकानातून पेटी आणली आन् दहा मासे. त्यांचं सारं तीच बघायची. मी पेटीचा दिवा लावायचो, तोही तिनं सांगितलं तर.

हिवाळ्यात ती गेली. दहाव्याला सुतक फिटलं. आमच्यात त्या दिवशी घरात साठवलेलं सगळं पाणी ओतून देतात. माठ, हंडे, मोरीतला ड्रम, सारं. गावाकडून माझी थोरली बहीण आल्ती, तीच घर धुवून घेत होती. पेटीपाशी आली आन् थांबली.

"भाऊ, ह्याच्यात जीव हायेत. हे राहू दे."

"न्हाई," मी म्हणलं. "तिच्या कामात कसर ठेवायची न्हाई."

मासे पातेल्यात काढले. पेटी उपसली, आतले खडे राखेनं घासले, बोअरचं ताजं पाणी भरलं. पाणी लख्ख दिसत होतं. मला वाटलं, लय चांगलं काम केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊ मेले. एक राह्यला तो हवेच्या नळीमागं जाऊन बसला. अंगावरची रेघ फिकी पडली. दाणा टाकला तर येईना.

दुकानावर गेलो. मालकाला सगळं सांगितलं. तो पहिल्यांदा हसलाच. "चाचा, मछली को कायका सुतक?" मंग माझ्या तोंडाकडं पाहून चहा मागवला. म्हणला, बोअरचं पाणी ह्या माशांना जड जातं. नळाचं पाणी दोन दिवस उघडं ठेवायचं, आन् थोडं थोडं बदलायचं. सगळं एकदम कधी न्हाई.

मोरीतला ड्रम त्याच्यासाठी होता. किती वर्षं मी त्या ड्रमला ठेचकाळलो, तिला बोललो की ही अडगळ काढ. कशाला ठेवला, हे एकदाही विचारलं न्हाई. आन् तोही मीच ओतला.

निघताना तो म्हणला, "ये अकेली नहीं जीती, चाचा. झुंड में रहनेवाली है. और ले जाओ."

मी न्हाई म्हणलं. घरी आलो. तिच्या हातचा दाणा खाल्लेला तेवढा एकच उरला होता. त्याच्यात नवे सोडले तर सगळे सारखेच दिसणार. मंग तिचा कोणता, हे मला कसं कळावं?

आमच्याकडं नळ आठ दिवसांनी येतो. आला तेव्हा ड्रम भरला, दोन दिवस उघडा ठेवला, मंग तांब्या-तांब्यानं पेटीत घातलं. मासा जगला, पण नळीमागून हलेना. पोट खपाटीला गेलं. मी सकाळपासून स्टुलावर बसून राहायचो. तो तिकडं, मी इकडं. एक दिवस मलाच माझा राग आला. मला ओळखू यावा म्हणून त्याला उपाशी मारून राह्यलो होतो.

त्याच दिवशी जाऊन आठ आणले. दुकानदारानं सांगितलं तशी पिशवी आधी पेटीच्या पाण्यावर तरंगू दिली, मंग सोडले. जुना लगेच आला न्हाई. दुपारी नळीच्या कडेला आला, मंग त्यांच्या मागं मागं फिरला. फिका होता म्हणून ओळखू येत होता. चौथ्या दिवशी रेघ पहिल्यासारखी निळी झाली. मला बरं वाटलं, आन् त्याच दिवशी तो माझ्या नजरेतून हरवला.

आता सकाळी दाणा टाकतो. सगळे एकदम वर येतात. काचेला नाक लावून पाहतो, समजत न्हाई.

परवा एक मेला. हातावर घेतला, उजेडात नेऊन उलटापालटा करून पाहिला. तिचा होता का नव्हता, कोणाला विचारू.