केसपेपरावरचं 'मयत'

स्वातंत्र्यानंतर दहाएक वर्षांनी मी थळला दवाखाना थाटला. मनाच्या दुखण्यांचं थोडंफार शिक्षण घेतलं होतं, आणि तोरा त्याहून मोठा होता. शिकवणाऱ्या सरांनी दहादा बजावलं होतं, दाराची वाट आपल्याला मोकळी हवी, रोगी मध्ये यायला नको. मी वाऱ्याच्या हौसेपायी टेबल खिडकीशी ठेवलं. दार राहिलं रोग्याच्या पाठीशी.

तो कोळी दर सोमवारी सकाळी यायचा. धाकटा भाऊ तुफानात सापडून परतला नव्हता, आणि तेव्हापासून ह्याला झोप नव्हती. होडीवर पाय ठेवला की अंगाला कापरं भरायचं. तिसऱ्या सोमवारी तो बोलता बोलता थांबला.

"काय लिवतंस गो बाय?"

मी शहाणीने वाचून दाखवलं, "धाकटा भाऊ मयत."

खुर्ची मागे कोसळली. "मयत? कोनी बगितला? भावजयच्या हातान बांगड्या हायत अजून!"

देह सापडल्याशिवाय तिथे दिवस घालत नसत, बायको कुंकू पुसत नसे. हे मला बाजारातल्या कुठल्याही कोळणीने सांगितलं असतं. मी विचारलंच नव्हतं. वर म्हणाले, "शांत व्हा." त्याने तो आणखी भडकला. टेबलावर पंजा आपटून दारात जाऊन उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून. कंबरेला सुरी होती. रोजच असायची, मला ती त्या दिवशी दिसली.

खिडकीला गज होते. हाक मारली असती तर लोक धावून आले असते, पण मग तो पुन्हा आला नसता, आणि ह्या दुखण्याला आसपास दुसरं कोणी नव्हतं. मी बसूनच राहिले.

"मला तुमची भीती वाटतेय," मी म्हणाले. "भीतीने मला तुमचं ऐकू येईनासं झालंय. दार सोडून बसा, म्हणजे ऐकेन. चूक माझी आहे. त्यांना मयत ठरवणारी मी कोण?"

मग त्याने हात खाली घेतले, खुर्ची उचलली आणि भिंतीशी ठेवून बसला. मी तो शब्द खोडला.

"मग काय लिहू?"

"लिव," तो खाली बघत म्हणाला. "त्या दिसाला मी जायाचा व्हतो. पिऊन पडलो, म्हनून त्याला धाडला. भावजयला ठावं न्हाय."