शेंदूर लावलेला गोळा

बहात्तरच्या दुष्काळात माझं पोस्टिंग नगरजवळच्या फायरिंग रेंजवर होतं. मी लान्स नाईक, मूळचा जामखेडकडचा. घराजवळ आलो म्हणून स्वारी खूश होती. पहिल्याच दिवशी टँकचा गोळा फुटला आणि मी दचकलो. पलीकडच्या माळावर मेंढरं चरत होती. एकानंही मान वर केली नाही. खरं सांगतो, तोफेपेक्षा मला त्या मेंढरांचीच जास्त भीती वाटली.

न फुटलेले गोळे उडवणं हे आमचं काम. त्यांना आम्ही ब्लाइंड म्हणायचो. हवालदार शिवराम कदम गोळ्याशेजारी स्फोटकाचा चार्ज ठेवायचे, फ्यूज पेटवायचे आणि सावकाश चालत आडोशाला यायचे. "पळायचं नाही. पळताना माणूस पडतो." मग फ्यूज जळेपर्यंत तंबाखू मळत बसायचे. महिनाभरात मीही मळू लागलो.

एकदा रेंजच्या कडेला जुना ब्लाइंड सापडला. अर्धा जमिनीत रुतलेला, वर शेंदूर, भोवती ओल. प्यायला पाणी मिळत नव्हतं त्या दिवसांत! आणि इथे कुणीतरी रोज पाणी घालत होतं. जवळच सोनाबाई नावाची म्हातारी मेंढरं राखत होती.

"आजी, हा देव नाही. बॉम्ब आहे. फुटेल," कदम म्हणाले.

"लई वर्सं पानी घालते मी. न्हाई फुटला."

"उद्या इकडे यायचं नाही."

तिनं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लाल बावटा चढवला. शिट्ट्या वाजवल्या. मी वायरलेसवर कळवलं, "रेंज क्लिअर. ओव्हर."

"कॅरी ऑन. आउट."

कदम फ्यूज पेटवून चालत आले, तंबाखूची चंची काढली. तेवढ्यात गोळ्यालगतच्या ओढ्यातून सोनाबाई वर आली. हातात तांब्या. रोजची वेळ, रोजची वाट. बावटा आणि शिट्ट्याही रोजच्याच.

"आजी, मागं फिर!" मी ओरडलो. तिनं ओळखीचा हात हलवला आणि पाणी घालायला वाकली.

कदम पळाले. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी तिला उचलून ओढ्यात ढकललं. स्वतः उतरायला वेळ उरला नाही.

"हवालदार जखमी. ॲम्ब्युलन्स पाठवा. ओव्हर." बोलताना मला ठाऊक होतं, ते गेले होते. धूर ओसरला. माळावर मेंढरं चरतच होती.

बदलीच्या आदल्या दिवशी मी तिथे गेलो. खड्ड्याच्या काठावर ओल होती. सोनाबाई रिकामा तांब्या घेऊन उभी होती.

"आजी, आता कुणाला पाणी घालतेस?"

"त्यालाच की. नाव काय हुतं रं त्याचं?"

मी सांगितलं. तिनं ते दोनदा म्हणून पाहिलं आणि मगच मेंढरांकडे वळली.